रक्त बसेपर्यंत

डाक्टरसाब आमच्या पुढच्या दोन खोल्या बघायला आले, तेव्हा पाणी कुठलं, उजेड येतो का, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. दारात उभं राहून त्यांचा पहिला सवाल होता, "अम्मा, उखळ कुठं आहे?"

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं माणूस खाण्याचा शौकीन असणार. त्यांनी हौसेनं आत नेऊन दगडी उखळ दाखवलं. डाक्टरसाबांनी ते वाकून पाहिलं. मग ते पुढच्या खोलीत गेले, मधल्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले, आणि तिथूनच म्हणाले, जरा मुसळ मारा बरं. आत्याबाईंनी मारलं. आणखी एकदा मारायला सांगितलं, तेही मारलं. डाक्टरसाब मान हलवत बाहेर आले आणि आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, म्हणाले की खोल्या पसंत आहेत, पण रोज सकाळी तासभर ह्या घरात कांडण बंद राहील.

"आन् मग आमी खावं काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"तासाभरानं खा," डाक्टरसाब म्हणाले.

असा हा माणूस आमच्या घरात आला. तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि बाहेर कुठंतरी मोठी लढाई चालू होती. सेलूत आम्हाला त्या लढाईचं एवढंच कळायचं, की रॉकेल मिळत नाही आणि गाड्या उशिरा येतात. मालकांची आडत होती. घर स्टेशनाच्या अंगाला. मी लग्न होऊन आले त्याला काही वर्षं झाली होती, पण अजून घरातली नवी सून म्हणूनच वावरत होते.

डाक्टरसाब जन्मानं नांदेडकडचे, पण वाढले हैदराबादेत, आणि डॉक्टरकी उर्दूतून शिकलेले. त्यामुळं त्यांच्या मराठीचा एक पाय कायम तिकडं असायचा. सरकारी दवाखान्यातली नोकरी त्यांनी सोडली होती. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. ऐन वैशाखातसुद्धा शेरवानीची गळ्यापर्यंतची बटनं लावलेली, आणि पायात मात्र घरात नुसते मोजे. जोडा नाही, चप्पल नाही. मांजरासारखे यायचे. घागर घेऊन वळावं तर हे मागं उभे.

मोज्यांचं कारणही उखळाचंच होतं. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसा ह्यांचा जीव काचेच्या नळीत होता. दीड वीत लांबीची, काडीसारखी बारीक नळी. तिच्यावर रेघा मारलेल्या. तापाचा माणूस आला की त्याच्या दंडातून सुईनं रक्त काढायचे, ते गोठू नये म्हणून त्यात कसलंसं पाणी मिसळायचे, आणि नळीत भरून ती नळी लाकडी घोडीवर अगदी सरळ उभी करायचे. मग तासभर काही नाही. त्या तासात नळीतला लाल रंग हळूहळू खाली बसत जायचा, आणि वर तुपाच्या निवळीसारखं पिवळं पाणी राहायचं. किती रेघा बसलं ते बघायचं. शरीरात कुठं सूज असली, पू धरला असला, की रक्त भराभर खाली बसतं. साधा हवेचा ताप असला, म्हणजे आता तुम्ही ज्याला व्हायरल म्हणता तो, तर अंग कितीही भाजो, रक्त बहुधा फारसं बसत नाही. एवढं मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

नळी हलली की सगळं चुकतं. म्हणून मुसळ बंद, जोडे बंद. आमचं घर धाब्याचं, वरून मातीचे कण पडायचे; म्हणून त्यांनी नळ्यांच्या वर आढ्याला एक काळी छत्री उघडून टांगली होती. भर उन्हाळ्यात घरात उघडी छत्री बघून नवा पेशंट दारातच थबकायचा. आणि गाड्या. मनमाडची गाडी गेली की आमची भिंत थरथरायची. तेव्हा गाडी गेल्यावर नळी लावायची आणि दुसरी यायच्या आत वाचायची, असा त्यांचा नेम होता. लढाईच्या दिवसांत गाड्यांना वेळेचं बंधन राहिलं नव्हतं. नळी अर्ध्यात असताना गाडी आली की डाक्टरसाब मोज्यांवरच स्टेशनाकडं निघायचे आणि मास्तरांना चार शब्द सुनावून यायचे. मास्तर म्हणायचे, डाक्टरसाब, ही गाडी निजाम सरकारचं ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार?

उन्हाळ्यात नवंच संकट उभं राहिलं. उष्ण हवेत रक्त उगीचच जास्त बसतं म्हणे. डाक्टरसाब थंड जागा शोधत घरभर फिरले आणि देवघराच्या दाराशी येऊन थांबले. सगळ्या घरात तीच खोली गार. आत्याबाई तेव्हा लिंगपूजा आटपून कपाळाला विभूती लावत होत्या. आम्ही वीरशैव. आमच्यात सोवळंओवळं, विटाळ असलं पाळत नाहीत. डाक्टरसाबांना हे ठाऊक होतं. त्यांनी अगदी वकिलासारखं विचारलं, की तुमच्यात विटाळ मानत नाहीत ना, मग नळ्या इथं ठेवायला काय हरकत आहे?

"विटाळ मानत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "अक्कल मानतो."

शेवटी रांजणाशेजारचा कोपरा ठरला. तिथं पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला पाऊल कसं टाकायचं ते डाक्टरसाबांनी शिकवलं. आमच्याकडं आलेले पाहुणे आम्ही पाणी आणताना कशा हळू चालतो ते बघून म्हणायचे, ह्या घरच्या बायका लय शांत.

तो तासभर पेशंट आणि त्याची माणसं ओसरीवर बसायची, आणि डाक्टरसाब त्यांच्याशी गप्पा हाणायचे. म्हैस किती देते, जावयाचं पटतं का, मानवतच्या बाजारात कापूस काय भावानं सुटला. मला वाटायचं, नळीकडं बघवत नाही म्हणून वेळ काढतात. एकदा चुडाव्याहून एक शेतकरी आपल्या तापलेल्या लेकराला घेऊन आला होता. तो गप्पांना कंटाळला आणि म्हणाला, "डाक्टरसाब, पोरगं फणफणायलंय आन् तुमी म्हशीचं काय पुसायलात?" डाक्टरसाब म्हणाले, म्हशीचं बोलता बोलता तुमचं पोरगं बघतोय. मघापासून ते उजवा कान धरतंय. नळीनं पुढं सांगितलं की आत कुठंतरी पू आहे, पण कुठं, ते तिनं सांगितलं नव्हतं. ते त्या कानानं सांगितलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नळी गवाह आहे, काझी नव्हे." अदालतीच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या गावाला ते बरोबर कळायचं. साक्षीदार म्हणतो, मी धूर बघितला. आग कुणी लावली, चुलीचा धूर का घराचा, ते त्याला माहीत नसतं. निवाडा करणारा दुसरा असतो.

पण सगळ्यांनाच ते कळायचं असं नाही. गावात एक जिनिंगवाले शेठ होते. त्यांना हवेचा ताप आला. डाक्टरसाबांनी त्यांचं आणि त्यांच्या मुनिमाचं रक्त एकाच दिवशी लावलं. शेठचं अगदी थोडं बसलं, मुनिमाचं बरंच. ओसरीवर बसलेल्या लोकांनी ठरवून टाकलं, की जड रक्त खाली बसतं, हलकं वर राहतं. म्हणजे मुनिमाचं रक्त शेठपेक्षा वजनदार. ही बातमी शेठच्या आधी त्यांच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी शेठ बदामाचा शिरा खाऊन आले आणि म्हणाले, पुन्हा लावा. पुन्हा तेवढंच बसलं. डाक्टरसाबांनी समजावलं की रक्त बसत नाही ही चांगली गोष्ट आहे. मुनिमाच्या दाढेत पू झालाय, त्याचं वजन आहे ते. शेठना पटलं नाही. वर त्यांनी विलायती गोळ्या मागितल्या. डाक्टरसाबांकडं तेव्हा नव्या निघालेल्या गोळ्यांची एक कुपी होती. त्या छातीतल्या, कानातल्या पुवावर चालायच्या. हवेच्या तापावर त्यांचा काही उपयोग नव्हता. लढाईमुळं नवा माल येत नव्हता. डाक्टरसाबांनी साफ नाही म्हटलं. पावसावर काठी मारून पाऊस थांबत नाही, म्हणाले, आणि काठी मोडते. शेठ रागारागानं परभणीला जाऊन सुया टोचून घेऊन आले. ताप डाक्टरसाबांनी सांगितलेल्या दिवशीच उतरला, आणि शेठनी सुया टोचणाऱ्याला फेटा बांधला. डाक्टरसाब त्या समारंभाला हौसेनं गेले आणि पोटभर जेवून आले.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एकदाच तसं झालं नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर गावात तापाची लाट आली. घरटी दोन-दोन माणसं झोपली. अंग मोडून यायचं, डोळे लाल व्हायचे, आणि चार-पाच दिवसांनी माणूस उठून बसायचा. डाक्टरसाब सगळ्यांना एकच सांगायचे, पडून राहा, पेज प्या. पण हा ताप जाता जाता एखाद्याच्या छातीत दुसरं दुखणं पेरून जायचा, आणि ते दुखणं जीव घ्यायचं. तो एखादा कोण, हे ओळखायचं होतं. दिवसभर नळ्या लागायच्या. कुपीतल्या गोळ्या कमी होत होत एका माणसाला पुरतील एवढ्याच राहिल्या.

आमच्याकडं आधी मालक पडले आणि उठले. मग मी पडले. माझ्या मागोमाग आत्याबाई खोकायला लागल्या, पण त्या काही झोपल्या नाहीत. सकाळी स्नान, पूजा, मग भिंतीला टेकून डाळ निवडायला बसायच्या. मला काई झालं न्हाई, सुनेचं बघा, एवढंच म्हणायच्या.

डाक्टरसाबांनी दोघींचं रक्त लावलं. तासानं नळ्या उजेडाला धरल्या तेव्हा मी माजघरातून बघत होते. आत्याबाईंची नळी पाव भाग पिवळी झाली होती. माझ्या नळीत त्याच्याही दुप्पट पिवळं होतं. मालकांनाही नळी वाचायला येत होती. आमच्या घरात ती कुणाला येत नव्हती? त्यांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, राहिलेल्या गोळ्या हिला द्या.

डाक्टरसाबांनी त्यांना पाणी तापवायला पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. पाठीला नळकांडं लावून बराच वेळ ऐकलं. मग काहीबाही विचारत बसले. फोडणीचा वास सहन होतो का, सकाळी चहा जातो का. मी हो-नाही करत होते. ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, कितवा महिना?"

त्या आधी दोनदा माझं पोट पडलं होतं. म्हणून ह्या खेपेला मी ठरवलं होतं, पाचवा लागेपर्यंत मालकांनाही सांगायचं नाही. बोललं की जातं, अशी भीती बसली होती. मी पदर तोंडावर ओढून घेतला. डाक्टरसाब म्हणाले, बस, समजलं. मी म्हटलं, कुणाला सांगू नका. त्यांनी मान हलवली.

तिथून उठून ते आत्याबाईंकडं गेले आणि विचारलं, अम्मा, यंदा मिरची कशी आहे? आत्याबाई सांगायला लागल्या. डाक्टरसाब मिरचीचं ऐकतच नव्हते. दोन शब्द झाले की आत्याबाईंना श्वास घ्यावा लागत होता, आणि दर श्वासाला नाकपुड्या फुगत होत्या. अंगाला हात लावला तर ताप नव्हता; म्हाताऱ्या अंगात तो चढतोच असं नाही. त्यांनी पाठीवर दोन बोटं ठेवून ठोकून पाहिलं, आपण मडकं ठोकून बघतो तसं. एका बाजूला पोकळ वाजलं. दुसऱ्या बाजूला भरल्या मडक्यासारखं बद्द. त्यांनी कुपी काढली आणि गोळ्या आत्याबाईंच्या हातावर ठेवल्या. मी माजघरात पडून बघत होते.

मालक पाणी घेऊन आले आणि त्यांनी ते बघितलं. एरवी चढ्या आवाजात न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी ते ओरडले. "म्हातारीला डाळ निवडता येती, आन् हिचं रक्त तळाला गेलं. तुमच्या नळीनंच सांगितलं ना? मग?"

डाक्टरसाब म्हणाले, नळीनं सांगितलं ते मी ऐकलं आहे, अप्पा.

मालकांनी अर्ध्या-अर्ध्या तरी द्या म्हणून विनवलं. डाक्टरसाब म्हणाले, अर्ध्यात दोघींचंही भागणार नाही. मग मालक म्हणाले, उद्या खोल्या मोकळ्या करा.

"अम्माच्या गोळ्या संपू द्या," डाक्टरसाब म्हणाले. "मग करतो."

एका शब्दात त्यांना सुटता आलं असतं. त्यांनी तो शब्द काढला नाही, कारण तो मी अडवून ठेवला होता. ओसरीवर जाऊन बसले. मला त्या दिवशी तापापेक्षा त्याचीच जास्त आग झाली. मी मालकांना हाक मारली आणि सगळं सांगितलं. ते उंबऱ्यातच बसले. मग उठून ओसरीवर गेले आणि डाक्टरसाबांच्या शेजारी बसले. दोघंही समोरच्या रस्त्याकडं बघत होते. थोड्या वेळानं मालक आत आले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला. फार वाईट झाला होता. डाक्टरसाबांनी दोनदा मागून प्यायला.

आत्याबाई त्याच संध्याकाळी आडव्या झाल्या. बरळायला लागल्या, मेलेल्या बहिणीला हाका मारायला लागल्या. तेव्हा कुठं घरातल्यांना कळलं, की डाळ निवडत बसलेली बाई कुठवर गेली होती. दोन दिवस काही खरं वाटत नव्हतं. डाक्टरसाब ओसरी सोडून हलले नाहीत. आत यायचे, आत्याबाईंचा श्वास बघायचे, माझा बघायचे, परत जायचे. माझा ताप इतरांसारखाच उतरला. आत्याबाईंना घाम सुटला, डोळे उघडले, आणि त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर डाळ कुणी उचलून ठेवली.

बसायला लागल्यावर शेजारणीनं त्यांच्या कानावर घातलं, की सुनेचं रक्त जास्त बसलेलं असताना गोळ्या तुम्हाला दिल्या. आत्याबाईंनी डाक्टरसाबांना बोलावून घेतलं.

"तरण्याताठ्या पोरीला सोडून मला म्हातारीला गोळ्या घातल्या? ती गेली असती तर मी तिच्या मायला काय तोंड दाखवलं असतं? शिकलेला माणूस ना तुमी?"

डाक्टरसाबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

"अम्मा," ते म्हणाले, "सूनबाईच्या नळीतलं रक्त एकटीचं नव्हतं. दोघांचं होतं. पोटात बाळ असलं की रक्त असंच खाली बसतं. तो आजार नाही."

आत्याबाईंनी माझ्या पोटाकडं बघितलं. मग डाक्टरसाबांकडं बोट करून मला म्हणाल्या, "आन् हे ह्याला आधी कळलं. मला न्हाई." त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मला उठून पाणीही घेऊ दिलं नाही.

मुलगी झाली. डाक्टरसाब तिला बघायला आले तेव्हा खिशात सुई असेल म्हणून आत्याबाईंनी आधी शेरवानी काढून ठेवायला लावली.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी ते हैदराबादला परत गेले. तिथं त्यांची थोरली बहीण एकटी पडली होती. मालक आणि मी मुलीला घेऊन स्टेशनावर गेलो. गाडीला उशीर होता. मालक मास्तरांकडं गेले तेव्हा मी डाक्टरसाबांना विचारून घेतलं, इतके दिवस विचारायचं राहिलं होतं ते. म्हटलं, मालक एवढे चिडले, तुम्ही हलला नाहीत. तुम्हाला इतकी खात्री कशी होती?

"नव्हती," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतात. पण ते मुलीकडं बघत बोलत होते. म्हणाले, "पोटुशा बाईला छातीचं दुखणं होत नाही असं कुठं आहे? तुझ्या पाठीला काही ऐकू आलं नाही, पण पहिल्या दिवशी कधी कधी येतच नाही. नळीवरून ते कळणार नव्हतं. अम्माचा श्वास बघितला, तुझा बघितला, आणि ठरवून टाकलं. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तू गेली असतीस तर मी डॉक्टरकी सोडणार होतो."

एवढ्यात गाडी आली. त्यांनी नळ्यांची पेटी मांडीवर घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेले. मालकांनी वाटेत विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, काही नाही, मुलीला दूध नीट पाजा म्हणाले.

आत्याबाई त्यानंतर लय वर्षं जगल्या. गल्लीत कुणाला ताप आला, डॉक्टरानं हा तपास करा, तो तपास करा म्हटलं, की त्या सांगायला बसायच्या. आमचा एक डाक्टर होता, म्हणायच्या. नुसतं माणसाकडं बघून सगळं कळायचं त्याला. कधी चुकला न्हाई, कधी घाबरला न्हाई. मग माझ्याकडं वळून म्हणायच्या, खरं का न्हाई गं?

मी म्हणायचे, खरं आहे.